आधी आपली चूक

शस्त्र खाली ठेवून समाजाच्या मुख्य प्रवाहात परत येणं हा माणसाचा दुसरा जन्म असतो, आणि त्या जन्माची सुईण म्हणजे आपला समाज.

हे वाक्य माझंच आहे. शहापुरात एका सत्काराच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांनी ते वाचून दाखवलं आणि 'सुईण' या शब्दापाशी ते जरा अडखळले. निवृत्त शिक्षकाकडे लोक दोनच कामं घेऊन येतात, भाषण लिहून द्या नाहीतर मुलाचा बायोडाटा तपासून द्या. मी दोन्ही करतो. मुख्य प्रवाहाबद्दल मला लिहितानाच शंका होती. आमच्या तालुक्यात मोठमोठी धरणं आहेत आणि त्यांतला मुख्य प्रवाह मोठ्या पाइपांतून थेट मुंबईला जातो. मागे उरलेल्या आमच्यासारख्यांना उन्हाळ्यात टँकर येतो. पण सत्काराच्या भाषणात असलं लिहीत नाहीत.

सत्कार एका मुलीचा होता. गडचिरोलीच्या पलीकडच्या जंगलातली, तेवीस-चोवीस वर्षांची. पंधराव्या वर्षी ती घरातून निघून नक्षलवाद्यांच्या दलमबरोबर गेली, बंदूक घेऊन काही वर्षं रानात फिरली आणि मग पोलिसांसमोर हजर झाली. तिकडे राहणं धोक्याचं म्हणून एका संस्थेनं तिला इतक्या लांब, शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आपल्या शिवणकामाच्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं. तिथं शाळेचे गणवेश शिवतात. कार्यक्रम दहाचा असं तिला सांगितलं होतं, म्हणून ती दहाला येऊन उभी राहिली. पाहुणे साडेबाराला आले. मधल्या वेळात तिनं मंडपवाल्याच्या माणसांना खुर्च्या लावायला मदत केली. रांगा इतक्या सरळ लागल्या की लोकांना त्यांत बसायला अवघडल्यासारखं झालं.

पाहुणे भाषणात म्हणाले की तिचं हृदयपरिवर्तन झालं. मी नंतर तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मलेरिया झाला होता, सर. चालता येईना म्हणून मला एका गावात ठेवून सगळे पुढे गेले. तिथल्या म्हातारीनं महिनाभर पेज पाजली. बरी झाल्यावर परत जावंसं वाटलं नाही."

हृदयाचा काही संबंध नव्हता. असलाच तर पोटाचा होता.

संस्थेनं मला आणखी एक काम दिलं. तिला समाजात वावरायचं शिक्षण द्यायचं. आठवड्यातून एकदा, रविवारी, आमच्या घरी. चाळीस वर्षं मी इतिहास शिकवला, पण समाजात कसं वावरायचं हे मला कोणी शिकवायला सांगितलं नव्हतं. शिकवायला घेतल्यावर कळलं की या विषयात काही तर्कच नाही. 'येतो एकदा' म्हणजे येणार नाही. 'जेवूनच जा' म्हणजे आता उठा. 'बघू' म्हणजे बघून झालं. ती लक्षपूर्वक ऐकायची आणि शेवटी विचारायची, "मग जेवायला खरंच थांबवायचं असेल तर काय म्हणायचं?" मी म्हणायचो, "तेच. पण तीनदा."

तिचं मराठी आमच्याकडच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध होतं. घरी गोंडी बोलणारी ही मुलगी मराठी शिकली ती आश्रमशाळेत आणि उरलेलं दलमच्या पत्रकांतून. त्यामुळे ती बोलताना 'मुद्दा', 'कमतरता', 'दुरुस्ती' असे शब्द सहज वापरायची आणि शहापूरच्या बाजारात भाजीवालीला सांगायची की तुमच्या वांग्यांत कमतरता आहे.

पहिल्या रविवारी ती आमच्याकडे जेवली. नाचणीची भाकरी, आमटी, वालाचं बिरडं. जेवण झालं, हात धुतले, आणि ती परत येऊन आमच्यासमोर मांडी घालून बसली. म्हणाली, "माझी चूक आधी सांगते. तिसरी भाकरी मी न विचारता घेतली. सगळ्यांच्या झाल्या का ते बघितलं नाही. आता माझा मुद्दा. आमटीत मीठ जास्त होतं."

मी बायकोकडे पाहिलं नाही. अशा वेळी पाहू नये, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मग तिनं समजावून सांगितलं. रानात असताना रोजची रीतच तशी. काम झालं, जेवण झालं, मुक्काम पडला की सगळे गोल बसायचे. प्रत्येकानं आधी आपली चूक सांगायची, मग दुसऱ्याची. सुरुवात मोठ्यांनी करायची. कोणी रागवायचं नाही. एकदा मान्य केलेली चूक परत काढायची नाही. याला आत्मटीका म्हणतात. "आम्हाला तिथलं पुष्कळ सोडायला सांगितलंय," ती म्हणाली, "पण हे सोडा असं कोणी म्हणालं नाही."

बायको म्हणाली, "मीठ जास्त होतं. मला पहिल्या घासाला कळलं. हे आठवडाभर अळणी खातील नाहीतर खारट खातील, तोंडातून शब्द नाही." त्या दिवसापासून ती मुलगी तिची झाली आणि पुढच्या रविवारपासून टीका माझी होऊ लागली.

शेडमध्ये कापडाचे तागे घेऊन एक टेम्पो यायचा. चालवणारा सापगावच्या पुढच्या एका गावातला, भातशेती असलेल्या घरातला, हसऱ्या तोंडाचा मुलगा. तो कायम उशिरा यायचा. पहिल्यांदा उशिरा आला तेव्हा हिनं त्याला सगळ्या बायकांसमोर उभं करून सांगितलं की तुमच्या उशिरामुळे चौदा मशीन बंद राहिली, ही तुमची कमतरता आहे. तो म्हणाला, "मान्य." दुसऱ्यांदाही तसंच. पुढेही तसंच चालू राहिलं. ती मला म्हणायची, "माणूस चांगला आहे, सर. चूक लगेच मान्य करतो. पण दुरुस्ती होत नाही."

काही महिन्यांनी त्या मुलानं घरी सांगितलं की लग्न करीन तर हिच्याशी. घरचे म्हणाले, बघून तर येऊ. बघायचं कुठं, तर मुलीचं इथं कोणीच नव्हतं. आई तिकडे लांब, येणं शक्य नव्हतं, भाऊ यायला घाबरत होता. तेव्हा आमचं घर मुलीचं घर ठरलं, आणि आम्हाला मूलबाळ नसताना आम्ही वधूपक्ष झालो.

आदल्या रविवारी ती आली आणि तिनं सरळ विचारलं, "मला हे लग्न हवं आहे. काय केलं म्हणजे होईल?"

तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. सत्कारात शाल दिली ती तिनं मंडपवाल्याच्या आजारी बापाला दिली होती. नारळ आमच्या आमटीत गेला होता.

बायको म्हणाली, "कमी बोल. विचारतील तेवढंच सांग. मान खाली ठेव."

"मान खाली का?"

"अगं, ती पद्धत आहे."

"किती वेळ?"

"पोहे संपेपर्यंत."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, आणि मुरबाडकडून खास आलेली त्याची आत्या. आत्या या घराच्या गृहमंत्री आहेत हे त्यांनी चपला काढल्या तेव्हाच लक्षात आलं, कारण बाकीचे त्यांच्या चपला काढून होईपर्यंत थांबले होते. वडील कल्याणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, फार बोलत नव्हते. निवृत्तीनंतरही कल्याणलाच एका गोडाऊनमध्ये देखरेखीचं काम करतात, असं आईनं अभिमानानं सांगितलं. जातीबद्दल विचारायचं नाही असं ठरवून आलेल्या आत्यांनी ती पहिल्या पाच मिनिटांत चार वेगवेगळ्या वाटांनी विचारून घेतली. कुलदैवत कोणतं, आडनाव तिकडचंच का, लग्नात हळद लागते का, आणि मेलेल्याला जाळतात की पुरतात. शेवटचा प्रश्न कांदेपोह्यांना नवीन होता.

मुलीनं पोहे आणले. मान खाली होती, पण उंबऱ्यापाशी ती थांबली आणि खोलीत दारं किती, खिडक्या किती, कोण कुठं बसलंय हे एकदा बघून मगच आत आली. ती सवय गेली नव्हती. आत्यांना वाटलं, लाजली. त्या खूश झाल्या.

"स्वयपाक येतो का गो?"

"पन्नास माणसांचा येतो. चार माणसांचा शिकते आहे."

"पन्नास?" आई म्हणाली. "आमच्यात भाताच्या आवणीला पंधरा मान्सं असतात तर माजा जीव जातो."

"सरपण ओलं असेल तर वेळ लागतो," मुलगी म्हणाली. बायकोनं खोकून दाखवलं. मुलीनं मान पुन्हा खाली घातली.

बरं चाललं होतं. मग आत्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि असल्या बैठकीत दर वेळी विचारतात ते विचारलं. "हे बग पोरी, तुज्यात काय खोट असल तर आत्ताच सांग. मागून कळलं तर बरं नाय."

हा प्रश्न आमच्याकडे शेकडो मुलींना विचारला गेला असेल. त्याला उत्तर नसतं. मुलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि बापानं म्हणायचं, तसं काही नाही हो. इथं बाप मी होतो आणि मी तोंड उघडलंही. पण तोवर ती ट्रे बाजूला ठेवून सतरंजीवर मांडी घालून बसली होती, मान वर करून. बायकोनं कपाळावर हात मारला.

"सांगते," ती म्हणाली. "आईला न विचारता घर सोडलं. ती अजून बोलत नाही माझ्याशी. बंदूक होती माझ्याकडे. दोनदा चालवली. कोणाला लागली का ते मला माहीत नाही. लागली नाही असं मी म्हणणार नाही."

तिनं बोटं मोजत पुढे चालू ठेवलं.

"पहाटे चारला उठते आणि दुसऱ्यांनाही उठवते. बाजार करता येत नाही, भाव करता येत नाही. फोटोत हसता येत नाही. कोणी मागून आलं तर दचकते, आणि दचकले की हात उचलते. शेडमधल्या ताईंना एकदा लागलं. त्यांची माफी मागितली." तिनं थोडा विचार केला. "एवढंच आठवतं. आता तुमचं."

"आमचं काय?" आत्या म्हणाल्या.

"तुमच्यातल्या चुका. आधी मोठ्यांनी, मग लहानांनी. म्हणजे खोट मागून कळायला नको."

मला वाटलं, संपलं. आत्यांनी पिशवी मांडीवर घेतली. आई मुलाकडे बघू लागली, मुलगा छताकडे. आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना वडील बोलले. आल्यापासून त्यांनी 'पाणी थंड आहे' एवढंच वाक्य उच्चारलं होतं.

"मोठा मी हाय. मी सांगतो. माजं गोडाऊनचं काम नाय."

"काय बोलता?" आत्या म्हणाल्या.

"नाय म्हंजे नाय. नव्हतंच. रिटायर झालो नि घरात बसवंना. मी रोज डबा घेतो नि आसनगावला जातो. सगळं गाव मुंबईच्या बाजूच्या गाडीत बसतं, मी कसाऱ्याकडच्या गाडीत बसतो. आटगावला उतरतो. वळकीचं कोन भेटत नाय. बाकावर बसतो, गाड्या बगतो, डबा खातो नि संध्याकाळी परत येतो. पास हाय माज्याकडं." त्यांनी खिशातून पास काढून दाखवला, जणू कोणी टीसी आला होता.

सगळे आईकडे बघू लागले. आईनं पोह्यांचा एक घास खाल्ला.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पयल्या म्हयन्यापासून. कामावरून आलेला मानूस येवडा ताजा नसतो. नि डब्यात भाजी दोन मान्सांची कोनासाठी देते मी? तो दुसरा तुमच्यासारखाच बिनकामाचा, तिकडं येऊन बसतो, त्याच्यासाठी."

"मग बोललीस नाय ती?"

"मी कशाला बोलू? दिवसभर घरात शांतता होती." मग ती मुलीकडे वळली. "ही माजी चूक धर गो."

"धरली," मुलगी म्हणाली. "मान्य केली म्हणजे संपलं. परत काढायची नाही."

वडील हसले. आधी आवाज न करता, मग पोटापासून. मी त्या माणसाला पुढे बऱ्याचदा भेटलो, पण तसं हसताना तेव्हाच पाहिलं.

आत्यांनी जाहीर केलं की आपल्यात काही खोट नाही. मुलगी त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, घाईही नव्हती. ज्यांनी रात्र रात्र पहाऱ्यावर काढली आहे त्यांना वाट बघता येते. शेवटी आत्यांनी पिशवी खाली ठेवली. "माज्या नणंदेची पोरगी हाय मुरबाडला. बारावी झालेली. मी हे मोडायलाच आलेली."

"आत्या, ते तर आमाला गाडीतच कळलेलं," मुलगा म्हणाला.

"तू गप रे. तुजं काय ते सांग."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "टेम्पो मी मुद्दाम उशिरा आणायचो," तो म्हणाला. "टायमात आणला तर ही बोलायचीच नाय."

मुलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्याकडे मुद्दा नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिची मान आपोआप खाली गेली. पोहे कधीच संपले होते.

वधूपक्षाचीही पाळी आली. माझ्या वतीनं बायको म्हणाली, "यांचं मी सांगते." त्याला बाकी सगळ्यांच्या एकत्र वेळेपेक्षा जास्त वेळ लागला. मध्ये एकदा चहा करावा लागला.

जाताना आत्या दारात म्हणाल्या, "कळवतो."

हा शब्द आमच्या अभ्यासक्रमात राहून गेला होता. ती म्हणाली, "कधी कळवतील?" मी तिला सांगितलं नाही की 'कळवतो' म्हणजे बहुतेक वेळा कळवत नाहीत. पुढच्या रविवारी ती आली आणि तिनं विचारलं, काही कळलं का. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं. मग विचारेनाशी झाली. टेम्पो आता वेळेवर येत होता, ही आणखी वाईट खूण होती. मुलगा तागे उतरवायचा आणि घरी काय चाललंय विचारलं की म्हणायचा, "आत्याचं ठरंना." भात कापून झालं, झोडून झालं. बायको म्हणाली, "मी तिला कमी बोल म्हणून सांगितलं होतं." मी म्हटलं, ती विचारलं तेवढंच बोलली.

एका रविवारी तिनं मला विचारलं, "सर, खोट लपवली असती तर झालं असतं का?"

चाळीस वर्षं वर्गात उभं राहून मला उत्तर न देता बोलत राहण्याची कला आली होती. ती त्या दिवशी चालली नाही. मी म्हटलं, "बहुतेक झालं असतं."

"मग ते का नाही शिकवलंत?"

बायको आतून म्हणाली, "त्यांना येतच नाही. येत असतं तर मला इतकी वर्षं यांच्या तोंडावरून मीठ कळलं असतं का?" हे वाक्य मला अजून नीट लागलेलं नाही, पण मुलगी हसली.

पौषात म्हशाची जत्रा झाली. जत्रेहून परतताना आत्या एकट्याच आमच्याकडे आल्या. काखेत जत्रेतली नवी घोंगडी होती. पाणी न पिताच बसल्या.

"मास्तर, काय करून ठेवलंय तुमच्या पोरीनं," त्या म्हणाल्या. "माजा भाऊ आता रोज जेवल्यावर सगळ्यांना गोल बसवतो. आदी आपली चूक सांगा म्हणतो. शेजारचे ऐकायला येतात. वैनी आता त्याच्यासंगं आटगावला जाऊन बसते, दोगं मिळून डबा खातात. लोक काय म्हणतील? मी गेले तर मलापन गोलात बसवला. तुमीच सांगा, या वयात रोज नवीन चूक कुठून आणायची?"

बायको म्हणाली, "मग काय करायचं म्हणता?"

"काय करायचं? खोड तिनं लावलीय, तिनंच येऊन निस्तरायला पायजे." आणि घोंगडी बायकोच्या हातात देत म्हणाल्या, "ही तिच्यासाठी. म्हशाचीच हाय. थंडी नाय का वाजत तिला तिकडं शेडात?"

बायकोनं घोंगडी आत नेऊन ठेवली आणि पाणी घेऊन आली. मग आत्या पाणी प्यायल्या.

लग्न साधं व्हायचं होतं, पण बातमी संस्थेला लागली आणि संस्थेकडून प्रमुख पाहुण्यांना. मंडपाला कमान आली, कमानीवर 'आदर्श विवाह सोहळा' आलं. मुलगी वेळेवर होती. मुलगाही वेळेवर होता, उशिरा येण्याचं कारण आता उरलं नव्हतं. प्रमुख पाहुणे काही आले नाहीत. भटजी घड्याळ बघू लागले तेव्हा मुलीचे सासरे उठले आणि म्हणाले, "ज्याला यायचं तो येईल. आटगावला मी रोज बगतो, गाडी कोनासाठी थांबत नाय." अक्षता पडल्या. पंगती उठल्या. मंडपवाले कमान सोडवत असताना पाहुणे आले आणि आलोच आहोत तर म्हणून बोलले. समोर मंडपवाल्याची चार माणसं, मी आणि एक म्हैस. दुसरा जन्म, सुईण, सगळं तसंच होतं. या वेळी ते अडखळले नाहीत.

लग्नानंतर बरेच दिवस ती आली नाही. सासूबरोबर नाचणी दळायला, सासऱ्याबरोबर आटगावला, नवऱ्याबरोबर टेम्पोत कापड आणायला जायची, असं कळायचं. शेडमधलं कामही चालू होतं. मग एका रविवारी पहिल्यांदा माहेरी जेवायला यायचं ठरलं. बायकोनं सकाळपासून स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. नाचणीची भाकरी, आमटी, वालाचं बिरडं, पहिल्या दिवशीचाच बेत. घाईत तिनं अंघोळीचं पाणी दोनदा तापवलं.

ती आली, हातात सासूनं दिलेले तांदळाचे पापड. उंबऱ्यापाशी थांबली नाही, सरळ आत आली. जेवताना आत्यांच्या गोष्टी सांगितल्या, सासऱ्यांची नक्कल केली. तिसरी भाकरी घेण्यापूर्वी सगळ्यांच्या झाल्या का ते विचारलं. मग हात धुऊन परत आली आणि आमच्यासमोर बसली. बायको पदर सावरून तयार झाली. मीही झालो.

"काकू," ती म्हणाली, "आमटी फार छान झाली होती."

आमटीत मीठ नव्हतं.